आहे त्या स्थितीत

ताबा घ्यायला गेलेल्या जोडप्याने नव्या घराच्या दारातूनच मला फोन केला. "मॅडम, झोपाळा नाहीये!" मी कोर्टाच्या पायऱ्या उतरत होते. कुठला झोपाळा, काही लक्षात येईना. "हॉलमधला हो. छताला नुसते चार हूक राहिलेत."

घर पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीतलं, रिसेलचं, अडुसष्ट लाखांचं. ते बघायला गेले तेव्हा तिथल्या काकूंनी या मुलीला झोपाळ्यावर बसवून पोहे दिले होते, आणि तिथे बसल्या बसल्याच तिने नवऱ्याला डोळ्यांनी 'हेच' म्हणून सांगून टाकलं होतं. विकणारे काका निवृत्त शिक्षक. त्यांना फोन लावला तर त्यांचा आवाज हिच्यापेक्षा दुखावलेला. "अहो, माझ्या वडिलांनी सागवान निवडून करून घेतलेला झोपाळा तो. पितळी कड्या नाशिकहून आणलेल्या. घराबरोबर तो कसा देईन? देव्हारा ठेवला का मी तिथे?"

दोघंही खोटं बोलत नव्हते. एकोणीस पानांचा करारनामा मीच लिहिला होता. त्यात चतुःसीमा होत्या, शेअर सर्टिफिकेटचा नंबर होता, चेकची तारीख-बँक-शाखा होती. झोपाळा नव्हता. होतं ते एवढंच: 'सदर सदनिका आहे त्या स्थितीत'. कधी आहे त्या? बघायला गेले तेव्हा, सह्या झाल्या तेव्हा, की किल्ली हातात आली तेव्हा? तोवर शेकडो दस्तांत मी हे शब्द लिहिले असतील, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

वीसेक वर्षं मी हेच काम करते आहे. साठेखतं, खरेदीखतं, हक्कसोडपत्रं, मृत्युपत्रं. लोकांना वाटतं वकिलाचं काम भांडण झाल्यावर सुरू होतं. माझ्याकडे लोक येतात ते एकमेकांवर फार खूश असताना. अडचण तीच असते.

घर घेणारे आणि देणारे माझ्या टेबलासमोर पहिल्यांदा एकत्र बसतात, तेव्हा पहिली दहा मिनिटं ओळखी काढण्यात जातात. तुम्ही मूळचे कुठले, अमक्या शाळेत होतात का, मग तमक्यांना ओळखत असाल. एकदा का मावसभावाचा साडू समान निघाला की संपलंच. त्यानंतर कुणी कुणाला काही विचारत नाही. विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं. मी कागदावर काही टिपायला लागले की दोन्हीकडून एकदमच येतं, "एवढं कशाला लिहायचं मॅडम? आमचं आपसांत ठरलंय." भीड भिकेची बहीण, असं माझी आजी म्हणायची. ती निरक्षर होती, तिने एकही दस्त वाचला नव्हता.

तुम्हाला वाटेल ही बाई लोकांना शहाणपण शिकवते आहे. तर आता माझं सांगते. २००९ साली आम्ही आमचं राहतं घर घेतलं ते नवऱ्याच्या मित्राकडून. करार अर्थातच मी लिहिला. सर्च घेतला, टायटल तपासलं, सोसायटीचा बाकी नसल्याचा दाखला घेतला. त्या घराच्या न्हाणीघरात कोपऱ्यातल्या चार फरश्या बाकीच्यांपेक्षा नव्या दिसत होत्या. मला त्या दिसल्या होत्या. दुसरं कुणी पक्षकार असतं तर मी विचारलं असतं. पण समोर माझ्या मुलाच्या बारशाला आलेला माणूस बसला होता, त्याला 'गळती आहे का रे' असं कसं विचारायचं? राहायला गेलो आणि पंधराव्या दिवशी खालच्या काकू वर आल्या. त्यांच्या झोपायच्या खोलीची भिंत तीन वर्षं ओली होती. सोसायटीने आधीच्या मालकाला तीन पत्रं दिली होती. माझ्याकडच्या दाखल्यात त्याचा उल्लेख नसणारच, तो दाखला फक्त पैशांच्या बाकीचा होता. न्हाणीघर उकरलं, पाइप बदलले, वॉटरप्रूफिंग केलं, खालची भिंत रंगवून दिली. पंच्याऐंशी हजार गेले. मित्राला सांगितलं तर म्हणाला, "अरे, मला वाटलं ते थांबलं असेल." अजून दिवाळीला फराळाचे डबे जातात-येतात. विषय निघत नाही.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक रिसेलच्या करारात एक कलम असतं: या सदनिकेबाबत गळतीची, बांधकामातल्या फेरबदलाची किंवा अन्य कोणतीही तक्रार, नोटीस वा दावा प्रलंबित नाही, आणि पूर्वीचं काही निघाल्यास त्याचा खर्च लिहून देणार सोसतील. हे वाचून दाखवताना मी मुद्दाम थांबते. लिहून देणाऱ्याने बायकोकडे पाहिलं की पेन खाली ठेवून विचारते, "बोला, काय आहे?" बहुतेक वेळा काहीतरी निघतं आणि किरकोळच असतं. मग तेही लिहितो, किमतीतून दहा-वीस हजार इकडेतिकडे होतात आणि चहा येतो. विकणाऱ्यालाही हलकं वाटतं, हे मी पाहिलेलं आहे.

आमच्या धंद्यातली एक घाण सांगून टाकते. अर्धे करार मागच्या कराराची फाइल उघडून, नावं बदलून केलेले असतात. शब्द तेच, 'कारणे करारनामा लिहून देतो ऐसा जे की' पासून 'गहाण, दान, पोटगी, अन्नवस्त्र, जप्ती' पर्यंत. मधे कुठेतरी मागच्या माणसाचा फ्लॅट नंबर राहून जातो. मी एक दस्त पाहिला आहे ज्यात दुसऱ्या मजल्यावरच्या घराच्या वर मोकळं आकाश होतं आणि इमारत पाच मजली होती. ते निस्तरायला चूकदुरुस्तीपत्र करावं लागतं, आणि त्यासाठी विकणारा पुन्हा सहीला यावा लागतो. तोवर तो मुलीकडे बंगलोरला गेलेला असतो. म्हणून घर घेणाऱ्याला मी सांगते, बाकी काही वाचू नका हवं तर, पण परिशिष्टातलं मिळकतीचं वर्णन हातात धरून एकदा त्या घरात जा. पूर्वेला जिना लिहिलाय ना, मग जिना आहे का ते बघा.

विसार पावती हा आणखी एक नमुना. स्टॅम्प पेपरवर एजंटने लिहिलेला एक कागद, त्यात रक्कम आणि एक वाक्य: व्यवहार मोडल्यास विसार जप्त. कुणी मोडल्यास? कशामुळे मोडल्यास? माझ्याकडे एक मुलगा आला होता, नुकतं लग्न ठरलेलं, पाच लाख विसार देऊन बसलेला. टेरेसला भिंती घालून केलेली तिसरी खोली त्याला फार आवडली होती. कर्जासाठी बँकेचा माणूस मोजमापाला गेला आणि ती खोली मंजूर नकाशात नाही म्हणून परत आला. बँकेच्या वकिलाने भोगवटा प्रमाणपत्र मागितलं, त्यातही ती नव्हती. कर्ज नामंजूर. विकणारा म्हणतो, मी कुठे मोडलं? मी तर अजून द्यायला तयार आहे! त्याने त्या पाच लाखांतून स्वतःच्या पुढच्या घराचा विसार देऊन टाकला होता, आणि तो परत मागितला तर त्याचाही जप्त होणार होता. अशी साखळी असते, एकाच्या विसारावर दुसऱ्याचं घर उभं असतं. चार महिने बोलणी करून तीन लाख परत आणले. दोन लाखांवर पाणी सोडलं.

आता मी कर्जाबद्दल लिहिते ते सविस्तर. किती दिवसांत मंजुरी आणायची, घराच्या कागदपत्रांमुळे नाकारलं तर विसार पूर्ण परत आणि किती दिवसांत, घेणाऱ्याच्या पगारामुळे किंवा जुन्या थकबाकीमुळे नाकारलं तर किती कापायचे. विकणाऱ्याचंच कर्ज शिल्लक असेल तर पहिला चेक थेट त्याच्या बँकेच्या कर्जखात्यात. मूळ कागद बँकेच्या तिजोरीतून बाहेर यायला वेळ लागतो, तो वेळही मुदतीत धरायचा. भरणा लिहिताना चेक नंबर, आरटीजीएसचा क्रमांक, तारीख, सगळं. कधीतरी कुणीतरी खुर्ची पुढे सरकवून आवाज खाली आणतं, "मॅडम, थोडं रोख धरलंय." घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१५ पासून कायद्यानेच बंदी आहे, हे मी सांगते. व्यवहार मोडला तर ते पैसे कुठल्या कागदाच्या जोरावर मागणार, हेही विचारते. काहीजण ऐकतात. काहीजण दुसरा वकील बघतात.

साठेखत झालं म्हणजे घर आपलं झालं, हा समज मात्र काही केल्या जात नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५४ स्वच्छ सांगतं की विक्रीच्या कराराने मिळकतीत हक्क तयार होत नाही. पुण्यात आज सात टक्के मुद्रांक शुल्क भरायचं. सत्तर लाखांच्या घराला चार लाख नव्वद हजार, वर नोंदणीचे तीस हजार, आणि करारातली किंमत रेडी रेकनरपेक्षा कमी असेल तर शुल्क रेकनरवर. हे सगळं बहुधा करारनाम्यालाच भरलं जातं. एवढे पैसे भरल्यावर माणसाला वाटतं, आता काय राहिलं? खरेदीखत राहिलं! लोक ते करतच नाहीत, वर्षानुवर्षं. दहा वर्षांनी घर विकायला काढतात तेव्हा आधीचे मालक वारलेले, मुलं तीन देशांत.

नव्या घरांचं थोडं बरं आहे. महारेरा आलं २०१७ च्या मे महिन्यात, त्याआधी सुपर बिल्टअप नावाच्या गोष्टीत जिना, लिफ्ट, गच्ची आणि बिल्डरची कल्पनाशक्ती, सगळं मावत असे. आता कार्पेट म्हणजे काय ते कायद्यातच आहे. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची धरायची नाही, आतल्या भिंती धरायच्या. दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे नोंदणीकृत कराराशिवाय घेता येत नाहीत. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा. पार्किंगवरून इतक्या तक्रारी झाल्या की २०२४ साली महारेराने जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंचीसुद्धा करारात जोडायला लावली. आधी लोकांना स्टिल्टमधली अशी जागा मिळायची की गाडी आत गेली तर दार उघडायचं नाही. तरीसुद्धा माझा सल्ला विचारायला लोक येतात ते बिल्डरच्या छापील कराराचा गठ्ठा घेऊन, सही झाल्यावर, "एकदा नजर टाका" म्हणून.

रिसेलला असा कुणी वाली नाही. तिथे जे लिहाल तेवढंच. विकणारा परदेशी राहतो का, हा प्रश्न तर घेणाऱ्याला सुचतच नाही. पन्नास लाखांच्या वरच्या घराला एक टक्का टीडीएस कापायचा, एवढं आता बऱ्याच जणांना माहीत असतं. पण विकणारा अनिवासी असला तर हा नियमच लागू नाही, वेगळ्या कलमाखाली त्याहून कितीतरी जास्त कापावा लागतो, आणि पन्नास लाखांची मर्यादाही नाही. नाही कापला तर नोटीस येते घेणाऱ्याला. माझ्याकडच्या एका गृहस्थांनी भावासारख्या वागणाऱ्या विकणाऱ्याकडून घर घेतलं. पुण्याचा पत्ता, पुण्याचं आधार कार्ड, बोलणं पेठेतलं. गेली अकरा वर्षं तो न्यू जर्सीत होता, हे त्यांना माहीत होतं, किंबहुना त्याचं त्यांना कौतुकच होतं. कराराच्या पहिल्या पानावर 'वय, धंदा, राहणार' नंतर मी आता 'आयकर कायद्यानुसार निवासी किंवा अनिवासी' लिहून घेते. कुणी नाराज होत नाही, उलट काहीजण जरा छाती काढून सांगतात.

पण सगळ्यात जास्त भीड आडवी येते ती माणूस गेल्यानंतर. घर वडिलांच्या नावावर, ते गेले, सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव, शेअर सर्टिफिकेटवर चढलं. मुलगा म्हणतो, घर माझं. नॉमिनी हा वारसांसाठी सांभाळणारा, मालक नव्हे, हे समजावताना मला रोज नवी उपमा शोधावी लागते. मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली सगळ्यांना सारखा हिस्सा. मुलींना विचारायचं म्हटलं की, "छे हो, ताई काही मागणार नाही." ताई मागणार नाही हे मला मान्य आहे. पण मग ताईला सहीला बोलवा.

आणि एका वारसाचं नाव तर दहातल्या नऊ जणांच्या डोक्यात येत नाही: गेलेल्या माणसाची आई. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात ती पहिल्या वर्गात आहे, सुनेच्या आणि नातवंडांच्या बरोबरीने.

असं एक घर दोन वर्षांमागे आलं. पन्नाशीतला माणूस अचानक गेला होता. विधवा बायको आणि दोन मुलं घर विकून लहान घरात जाणार होती. मी विचारलं, त्यांची आई? बाईंचा चेहरा उतरला. "आहेत ना. शहाऐंशी वर्षांच्या. नणंदेकडे असतात, कोथरूडला. त्यांच्याकडे कसं मागायचं हो सही?" सासूशी वाद नव्हता काही. उलटच होतं, मुलगा गेल्यापासून सासूसमोर घराचा विषयच कुणी काढला नव्हता. घर विकायचंय हे त्यांना सांगितलंच नव्हतं. शेवटी मुलीने सांगितलं. आजी म्हणाल्या म्हणे, "मग मला कुणी विचारणार होतं की नाही?"

त्या घराबाहेर पडू शकत नव्हत्या, म्हणून नोंदणी घरी करायची ठरली. अर्ज, डॉक्टरांचा दाखला, शुल्क भरलं की निबंधक कार्यालयातून माणूस यंत्र घेऊन घरी येतो, ही सोय आहे. त्या दिवशी घेणारं जोडपंही आलं होतं. आजी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, नऊवारी, डोक्यावर पदर. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून सगळा दस्त मी मोठ्याने वाचला. अंगठा उठवणाऱ्याला वाचून दाखवायचंच असतं, पण बहुतेक ठिकाणी ते दोन मिनिटांत उरकतात. इथे मी उरकू शकले नाही, कारण आजी मधेमधे विचारत होत्या. "चतुःसीमा म्हणजे?" "बोजा म्हणजे कर्ज ना?" "अडुसष्ट सालातलं आमचं चाळीतलं घर दोन ओळींत झालं होतं."

मग परिशिष्ट आलं. झोपाळ्याच्या प्रकरणानंतर मी घरात काय राहणार आणि काय जाणार याची यादीच जोडते. पंखे चार, गीझर एक, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, पडद्यांचे रॉड, पाइप गॅसचं कनेक्शन अनामत रकमेसह, एसी नाही, इन्व्हर्टर नाही. चौदा बाबी होत्या. मी वाचून संपवलं तर आजी म्हणाल्या, "आणि पाटी?"

"कुठली पाटी आजी?"

"दारावरची. माझ्या लेकाचं नाव आहे तीवर. ती यांना काय करायची?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. घेणारी मुलगी म्हणाली, "आजी, आम्ही काढून आणून देऊ ना. लिहायची काय गरज आहे?" मी तिच्याकडे पाहिलं आणि पेन उघडलं. यादीच्या खाली हाताने लिहिलं: १५) दारावरील नावाची पाटी लिहून देणार यांचेकडे राहील. हाताने घातलेल्या ओळीशेजारी सगळ्यांची सही लागते. सगळ्यांनी केली. आजींनी शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि ओळीशेजारी उठवला, अगदी नीट, सावकाश.

कार्यालयातून आलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, हे कॉम्प्युटरच्या नोंदीत नाही येणार."

"दस्तात राहील ना?"

"दस्तात राहील."

मग त्याने यंत्राची काच शर्टाच्या टोकाने पुसली आणि आजींसमोर धरली. अंगठा काही उठेना. पुन्हा धरला, पुन्हा नाही. त्याने ओल्या रुमालाने पुसून पाहिलं.

"आयुष्य भांडी घासण्यात गेलं रे त्याचं," आजी म्हणाल्या, आणि दुसरं बोट पुढे केलं.